बांधकाम कंपन्यांना 'सुरक्षित साइट' पुरस्कार : नाशिकसाठी निकष काय असावेत?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)
राम राम मंडळी. आमच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या गटात एक विचार चालू आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो (१९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून). त्या दिवशी नाशिकमधल्या ज्या बांधकाम कंपन्यांच्या साइट खरोखर सुरक्षित आहेत, त्यांचा जाहीर सत्कार करायचा. एलेव्हेशनला (इमारतीच्या दर्शनी रूपाला) बक्षीस मिळतं, टाउनशिपला मिळतं. संध्याकाळी माणसं धडधाकट घरी पाठवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

सध्याच्या मसुद्यात निकष एकच आहे: गेल्या तीन वर्षांत एकही अपघात नसावा. मला तो कच्चा वाटतो. अर्जात काय मागवावं, साइटवर जाऊन काय बघावं, कोणाला सरळ बाद करावं? जाणकारांनी लिहावं. कागदी घोडे नकोत.

चहाबिस्कीट
एकही अपघात नाही? मग पहिलं बक्षीस ज्याची साइट तीन वर्षं कोर्टकचेरीत अडकून बंद आहे त्याला.

आकडेमोड
चहाबिस्कीट यांनी गमतीत लिहिलंय, पण मुद्दा तोच आहे. अपघात किती झाले हे किती तास काम झालं त्यावर बघायचं असतं. आयएस ३७८६ या भारतीय मानकात पद्धत दिलेली आहे. फ्रिक्वेन्सी रेट म्हणजे कामाचा वेळ बुडवणारे अपघात गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्यतास. सिव्हिरिटी रेटमध्ये अपघातांच्या जागी बुडालेले दिवस घ्यायचे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६००० दिवस धरायचे. अमेरिकेत दहा लाखांऐवजी दोन लाख तास घेतात. त्यामुळे एखाद्या कंपनीने परदेशी पद्धतीचा आकडा दिला तर तो पाचपट लहान दिसतो. अर्जात सूत्र छापूनच द्या.

आता नाशिकचं गणित. आपल्याकडची नेहमीची साइट म्हणजे पार्किंग अधिक सात मजले, ५० माणसं. ५० गुणिले ८ तास गुणिले ३०० दिवस म्हणजे वर्षाला १,२०,००० तास. एका गवंड्याचा पाय मुरगळून तो चार दिवस घरी बसला की रेट थेट ८.३. नाही मुरगळला तर शून्य. म्हणजे तुम्ही सुरक्षिततेला नाही, नशिबाला बक्षीस देताय. २००० माणसांच्या कामावर ४८ लाख तास होतात. तिथे दहा अपघात झाले तरी रेट २.१. लहान आणि मोठ्या कंपन्या एका रांगेत उभ्या करूच नका.

ओळंबा
शिवाय 'शून्य' मागितलं की शून्यच मिळतं. बोट चेचलं तर मुकादम खिशातून दोन हजार काढून देतो, माणूस पेठला नाहीतर सुरगाण्याला गावी जातो, रजिस्टर कोरं ते कोरं. बक्षीस लावलंत की हे लपवणं वाढेल. धाग्याचा हेतू चांगला आहे, परिणाम उलटा व्हायचा.

रेवती_क
ओळंबा, सहमत. याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे डीपवॉटर होरायझन. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातातल्या त्या रिगवर बडे अधिकारी आले होते. कारणांपैकी एक कारण, सात वर्षं वेळ बुडवणारा एकही अपघात नाही याचं कौतुक. त्याच रात्री स्फोट झाला, ११ जण गेले. पाय घसरणं, बोट कापणं याचा हिशेब उत्तम होता. विहिरीचा दाब कोण बघतंय, हे त्या हिशेबात येतच नव्हतं. आपल्या साइटवर विहिरीच्या जागी सेंट्रिंग (ओलं काँक्रीट पेलणारा तात्पुरता साचा आणि आधार), खोदकाम आणि लिफ्टचा डक्ट (उभी पोकळी) वाचा.

मुकादम_ऑनलाइन
सगळे मुकादमावर घसरायच्या आधी एक सांगतो. सेंट्रिंगचा दर चौरस फुटावर ठरतो. त्या दरात रेलिंग, जाळी, बेल्ट अडकवायची लाइफलाइन, काहीच धरलेलं नसतं. बांधायला अर्धा दिवस जातो तो फुकट. वरून स्लॅबची तारीख बिल्डरने दिलेली. मग माणूस बेल्ट कमरेला लटकवून फिरतो, हूक मोकळा. फोटोत झकास दिसतं.

सातपूरचा_सेफ्टीवाला
मुकादमभाऊंनी बेल्टचा विषय काढलाच आहे तर तिथूनच सुरू करतो, कारण परीक्षक मंडळी साइटवर गेली की 'सगळ्यांच्या अंगावर बेल्ट आहे ना' एवढंच बघून गुण देतात.

पहिल्या स्लॅबच्या कडेवर, तीन मीटर उंचीवर, साध्या लॅनयार्डचा (हूक लावलेल्या दोराचा) फुल बॉडी हार्नेस, म्हणजे अंगभर पट्ट्यांचा बेल्ट, काही कामाचा नाही. लॅनयार्ड १.८ मीटर. त्याला जोडलेला, झटका शोषणारा शॉक अॅब्झॉर्बर फाटत लांब होतो तो जवळपास पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून (डी-रिंग) पावलापर्यंत दीड मीटर. खाली मोकळी जागा एक मीटर तरी हवी. बेरीज सहा मीटर. म्हणजे माणूस अॅब्झॉर्बर पूर्ण उघडायच्या आत जमिनीवर आदळतो. त्यात हूक पायाजवळच्या सळईला अडकवला असेल तर पडण्याचं अंतर आणखी वाढतं. या उंचीला उत्तर एकच, कडेला रेलिंग: वरचा दांडा साधारण मीटरभर उंचीवर, मधला दांडा, आणि खाली १५ सेंमीची फळी, नाहीतर हातोडी सुटली की खालच्याच्या डोक्यात. वरच्या मजल्यांवर बेल्ट चालतो, तोही दुहेरी लॅनयार्डचा, म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो.

म्हणून परीक्षकांनी प्रश्न असा विचारावा: 'हूक कशाला अडकवलाय आणि पडलास तर कुठपर्यंत जाशील?' कामगाराला उत्तर येत असेल तर प्रशिक्षण झालंय. सहीचं रजिस्टर बघायची गरज नाही.

लेव्हलपाइप
सेफ्टीवाले साहेब, पडल्यावर लटकलेल्याचं काय? त्यावर कोणी बोलत नाही. माणूस हार्नेसमध्ये निश्चल लटकला की मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायात अडकतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दल येईपर्यंत थांबून चालत नाही. शिडी, दोर, कोणी उतरवायचं हे आधी ठरलेलं हवं. निकषांत टाका.

सातपूरचा_सेफ्टीवाला
टाकाच. 'बेल्ट आहे, सुटका योजना नाही' अशा साइटला त्या रकान्यात शून्य.

चहाबिस्कीट
बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, बेल्ट सगळं असतं म्हणे. ते कुठे जातं? पिवळं हेल्मेट द्वारका चौकात स्प्लेंडरवर दिसतं.

ओळंबा
आणि ते दुचाकीवर उपयोगाचं नाही. साइटचं हेल्मेट आयएस २९२५ चं, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. दुचाकीचं आयएस ४१५१ चं. पोलिसमामा सोडतील, डांबर सोडणार नाही.

नाशिकची_मी
संच मिळायला आधी नोंदणी हवी ना? वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. तो दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. पुरस्काराच्या निकषांत मला हे सगळ्यात वर हवंय: साइटवरच्या किती टक्के कामगारांची मंडळाकडे जिवंत नोंदणी आहे. उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का सगळेच भरतात, कारण त्याशिवाय परवानगीचं गाडं पुढे सरकत नाही. पण ज्याच्यासाठी तो भरला त्या माणसाचं कार्डच नाही. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसांना ५ लाख मिळतात; नोंदणी नसेल तर तेही नाहीत.

बिल्डरचा_भाचा
ताई, नोंदणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. मंडळाच्या भांडी वाटपाची रांग आणि स्लॅबची कड यांचा संबंध जोडू नका. आणि सगळं बिल्डरच्या माथी का? माणसं ठेकेदाराची.

नाशिकची_मी
भाचेसाहेब, १९२३ च्या जुन्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम १२ वाचा; आता तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ठेकेदाराच्या माणसाला तुमच्या कामावर इजा झाली तर भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते. नंतर तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करत बसा. मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयानुसारचा गुणक. पगाराची कमाल मर्यादा १५,००० धरली आणि वय २५ असलं तर ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे सव्वासोळा लाखांच्या वर. त्यापेक्षा रेलिंगचे पाइप स्वस्त.

नोंदणी झालेला माणूस रजिस्टरवर दिसतो, आणि दिसणाऱ्या माणसाचा अपघात दडवता येत नाही. संबंध तो आहे.

आकडेमोड
या 'दिसण्या'वरून परीक्षकांसाठी एक खाचाखोचांची युक्ती. फ्रिक्वेन्सी रेट कमी दाखवायचा तर मनुष्यतास फुगवायचे. ऑफिसचा स्टाफ, सेल्सच्या मुली, ड्रायव्हर, सगळे धरायचे. पण पीएफच्या चलनात हीच कंपनी माणसं कमी दाखवते. दोन्ही कागद शेजारी ठेवा. चलनात ४० आणि पुरस्काराच्या अर्जात ११० जणांचे तास असतील, तर निदान एक कागद खोटा आहे. मुकादमाची हजेरी वही हा तिसरा आणि बहुतेक खरा कागद.

चहाबिस्कीट
पुरस्कार मागायला गेला आणि पीएफच्या नोटिशीत अडकला. अर्ज किती येतील हो?

रेवती_क
दुसरी युक्ती: प्रथमोपचार पेटी. रजिस्टरमध्ये सहा महिन्यांत एकही नोंद नाही आणि पेटीतल्या बँडेजची पाकिटं अर्धी संपलीत, तर जखमा होतायत आणि लिहिल्या जात नाहीत. उलट पेटीला सीलच असेल तर ती उद्घाटनाची पेटी. आठवड्याला दोन-चार किरकोळ नोंदी, चार-पाच निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात), आणि प्रत्येकापुढे 'काय बदललं' हे लिहिलेलं असेल, तर ती साइट जागी आहे. म्हणून निअर मिसच्या नोंदी जास्त म्हणून गुण कापू नयेत, द्यावेत. ओळंबांच्या लपवालपवीच्या शंकेवर एवढंच उत्तर मला दिसतं.

ओळंबा
पटलं, पण अर्धंच. मग उद्या 'निअर मिस'च्या वह्या एका बसणीत भरल्या जातील. एकाच पेनाने.

रेवती_क
म्हणून तर 'काय बदललं' हा रकाना. 'चौथ्या मजल्यावर डक्टची प्लाय सरकलेली दिसली, खालून बॅटन ठोकले' असं लिहिलं असेल तर चौथ्या मजल्यावर जाऊन प्लाय उचलून बघा. उचलली गेली तर वही खोटी.

लेव्हलपाइप
साइटवर बघायच्या जागा मी सांगतो. हेल्मेट, बोर्ड, रांगोळी सोडा, पुढच्या गोष्टी बघा.

सेंट्रिंगचे प्रॉप (आधाराचे खांब). पिन मूळची आहे की ८ एमएमच्या सळईचा तुकडा खुपसलाय? तो तुकडा भार आला की वाकतो आणि प्रॉप खाली बसतो. तळमजल्याच्या स्लॅबखाली प्रॉप भरावाच्या मातीवर उभे असतील तर बुडाला फळी आहे का? एक पाऊस पडला की भराव बसतो, प्रॉप लोंबकळतो, आणि काँक्रीट ओतताना सगळं एका बाजूला येतं. सेंट्रिंग कोसळतं ते बहुतेक ओततानाच, त्यातही पंपाने एकाच कोपऱ्यात ढीग घातला की. मग सोडण्याची तारीख. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस, त्यावर १४; बीमचे सहा मीटरपर्यंत १४, त्यावर २१. ओतल्याची तारीख बीमवर खडूने लिहिलेली हवी. नसेल तर कोणालाच माहीत नाही असं समजा.

वीज. व्हायब्रेटर आणि कटरची वायर प्लगशिवाय सॉकेटमध्ये काडी खुपसून लावलेली आहे का? बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडते का? दाबून बघा, लाजू नका. पुष्कळ ठिकाणी ती 'सारखी ट्रिप होते' म्हणून बायपास केलेली असते.

माल चढवायची लिफ्ट. वायर रोपच्या टोकाला किमान तीन क्लिपा हव्यात, आणि क्लिपचं खोबणीचं अंग भार घेणाऱ्या दोरावर, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटी बसवली की यू-बोल्ट भाराचाच दोर चेचतो. या लिफ्टमधून माणसं जात असतील तर परीक्षकांनी तिथूनच चहा न घेता परत यावं.

मुकादम_ऑनलाइन
क्लिपा उलट्या आहेत हे बघायला परीक्षकाला तरी माहीत पाहिजे ना राव. तुमच्या परीक्षक मंडळात एक सेंट्रिंगवाला आणि एक वायरमन घ्या. नाहीतर सगळे टाय घालून येतील आणि खालून वर बघतील.

गंगापूररोडकर
मुकादमभाऊ, हे लिहून घेतलं. सूचना न देता भेट द्यायची हेही ठरवतोय. लेव्हलपाइप, पाण्याच्या टाकीबद्दल लिहाल का? आमच्या गटात त्यावर वाद झाला.

लेव्हलपाइप
अंडरग्राउंड टाकीवर वाद कसला! टाकीचा स्लॅब झाला, आत प्लाय आणि बल्ल्या ओल्या राहिल्या, झाकण बंद, वर दोन-तीन महिने गेले. ओलं लाकूड कुजताना आतला ऑक्सिजन खातं. मग एक जण सेंट्रिंग काढायला उतरतो, आडवा होतो. दुसरा त्याला काढायला जातो, तोही. बळी एकाऐवजी दोन-तीन पडतात ते यामुळे. उतरण्याआधी झाकणं उघडी टाकून ब्लोअरने हवा खेळवायची, मीटरने ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे का बघायचं, कमरेला दोर, वर एक माणूस फक्त त्याच्यासाठी. मेणबत्ती सोडून बघतात त्यावर विसंबू नका. आणि पाणी उपसायचा पेट्रोल पंप आत उतरवू नका, त्याचा धूरच माणूस मारायला पुरतो. अर्जात विचारा: तुमच्याकडे गॅस मीटर आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी?

कुंभकर्ण_२७
सगळे फ्लॅट स्कीमवर बोलताय. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, ड्रेनेजच्या कामांची घाई आहे, त्याचं काय? ड्रेनेजचे चर हा सगळ्यात वाईट प्रकार. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग दगड. काळी माती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते, आणि चराची भिंत न सांगता बसते. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन; छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजू उतरत्या करा किंवा फळ्या-वाशांचा आधार द्या. उपसलेली माती आणि जेसीबी कडेपासून लांब. शिडी जवळ. हे आयएस ३७६४ मध्ये आहे. पण गल्लीत जागा नाही म्हणून माती कडेलाच टाकतात.

ओळंबा
कुंभकर्ण जागे झाले, बरं झालं. खरी गोम टेंडरमध्ये आहे. सुरक्षिततेचा खर्च 'दरात समाविष्ट' म्हणायचं आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं. म्हणजे ज्याने आधार देण्याचा खर्च धरला तो हरला. हाँगकाँगच्या सरकारी कामांत १९९६ पासून वेगळी पद्धत आहे. सुरक्षिततेच्या बाबी कंत्राटाच्या साधारण २ टक्के धरून चढाओढीतून बाहेर काढल्या, दर ठरवून दिला. केलं तर पैसे, नाही केलं तर त्या बाबीचं बिल नाही. सिंगापुरात उलटं टोक, दोषांक. १८ महिन्यांत २५ झाले की कंपनीला परदेशी कामगार घ्यायला बंदी. तिथलं बांधकाम परदेशी मजुरांवरच चालतं, त्यामुळे बरोबर वर्मी बसतं. शाल-श्रीफळाने यातलं काही होणार नाही.

बिल्डरचा_भाचा
ओळंबा, शाल-श्रीफळाला नावं ठेवू नका. फ्लॅट घेणारा गिऱ्हाईक विचारू लागला की मामा उद्या जाळ्या लावेल. ब्रोशरवर छापायला मिळणार असेल तर पैसा निघतो, हे आतलं सांगतोय.

आकडेमोड
भाचेसाहेबांनी धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य लिहिलं. पण मग ब्रोशरवर वर्ष आणि साइटचं नाव छापणं सक्तीचं करा. पाथर्डी फाट्याच्या साइटला मिळालेला पुरस्कार आडगावच्या स्कीमवर मिरवायचा नाही. ठेकेदाराच्या टोळ्या वेगळ्या, सुपरवायझर वेगळा.

सातपूरचा_सेफ्टीवाला
गटांबद्दल एक. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांपासून सक्तीचा होता. नव्या कामगार संहितेत बांधकामासाठी ती मर्यादा २५० आहे. नाशिकमध्ये एका मालकाच्या नावावर २५० माणसं असलेल्या साइट मोजक्या. त्यामुळे ५० पर्यंत, ५१ ते २५० आणि त्यावर, असे तीन गट करा. मधल्या गटात कायद्याची सक्ती नसताना ज्याने पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी ठेवलाय, आणि त्याला काम थांबवायचा अधिकार दिलाय, त्याला भरघोस गुण. अधिकार खरा आहे का हे बघायला एकच प्रश्न: शेवटचं काम कधी थांबवलं आणि का? तारीख सांगता आली नाही तर तो हेल्मेट वाटणारा कारकून.

गंगापूररोडकर
मंडळी, सगळं वाचून नवा मसुदा केलाय. १०० पैकी अपघाताच्या आकड्यांना फक्त १५ गुण, तेही पीएफ चलन आणि हजेरी वही जोडली तरच. अचानक भेटीला ५०. निअर मिस आणि त्यावर झालेल्या बदलांना १५. कामगारांची मंडळाकडे नोंदणी आणि विमा १०. कामगारांशी मुकादम आणि सुपरवायझर नसताना बोलणं, १०. तीन गट वेगळे. गेल्या तीन वर्षांत साइटवर मृत्यू असेल तर बाद.

रेवती_क
मृत्यूला बाद ठीक आहे. पंचनामा होतो, तो सहसा दडवता येत नाही, त्यामुळे लपवण्याची भीती तिथे कमी. पण ठेकेदाराच्या, पुरवठादाराच्या माणसाचा मृत्यूही धरा. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीखाली गेलेला क्लीनर कोणाच्याच यादीत नसतो.

नाशिकची_मी
आणि साइटवर राहणारी मुलं? १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तरच पाळणाघर सक्तीचं होतं. आपल्याकडे १२ बायका आणि ९ पोरं, ती पोरं वाळूच्या ढिगावर आणि क्युअरिंगच्या (काँक्रीट भिजत ठेवायच्या) पाण्यात. अचानक भेटीच्या ५० गुणांत यासाठी ५ राखा.

गंगापूररोडकर
दोन्ही घेतलं. अचानक भेट कोणत्या वेळी ठेवावी? सकाळी सगळं चकाचक असतं.

मुकादम_ऑनलाइन
स्लॅब ओतण्याच्या दिवशी, संध्याकाळी पाचनंतर. आरएमसीची शेवटची गाडी मुंबई नाक्यावर अडकलेली असते, उजेड जात असतो आणि सगळ्यांना घरी जायचं असतं. तेव्हा हूक कुठे आहे ते बघा.

चहाबिस्कीट
आणि हॅलोजनची वायर कशात खुपसलीय तेही.